निवळलेलं पाणी

महिनाभर फिशटँकचं पाणी गढूळच राहिलं. शेवटी दुकानदार हसला, "ताई, फिल्टरचा स्पंज नळाखाली इतका घासून धुऊ नका. पाणी साफ ठेवणारे जिवाणूच धुऊन जातात. टँकमधल्याच पाण्यात पिळा."

तसं केलं. आठवड्यात पाणी निवळलं.

आज दुपारी लेकीला मांडीवर थोपटत टँकसमोर टेकले. अंग नुसतं आंबून गेलेलं. एकदाची झोपली बाई माझी!

समोरच्या काचेत आम्ही दोघी स्वच्छ दिसत होतो. पण तिथे मी मान टाकून गाढ झोपले होते आणि लेक टक्क जागी होती.

मी तिला घट्ट धरलं. काचेतले माझे हात सैलच राहिले. त्यांतून ती अलगद सुटली आणि रांगत काचेपाशी आली.

माझ्या मांडीवरचं तिचं वजन हलकं होऊ लागलं.