तांब्याचा वायसर

गाडीखालून अंबूबाईंचे फक्त पाय दिसत होते. भेगाळलेल्या टाचा आणि झिजलेली जोडवी. घराच्या पुढच्या सोप्यातल्या कॉटवर पडून हंबीरराव त्या पायांकडे बघत होते. इतकी वर्षं गाडीखाली ते असायचे, आणि ती त्यांच्या पायांशी उकिडवी बसून पाने द्यायची.

"सतराचा पाना," गाडीखालून आवाज आला. मग तिचाच हात बाहेर आला, गोणपाटावरचा पाना चाचपून आत गेला. "मागायचा बी मीच आन् द्यायचा बी मीच," ती आतल्या आत हसली.

पाने तिनं सकाळीच ओळीनं मांडून ठेवले होते, हंबीरराव ज्या क्रमानं मागायचे त्या क्रमानं. इंजिनातलं तिला काही ठाऊक नव्हतं. पण आधी सतरा, मग घमेलं, मग फिल्टरचा पट्टा, मग चिंधी, मग पुन्हा सतरा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. त्यांना अर्धांग झाल्यानंतरची गाडीची ही पहिलीच सर्व्हिसिंग. गाडी आता पुतण्या, राजवर्धन, चालवत होता. गॅरेजला टाकूया, असं तो म्हणाला होता. "ह्यांच्या गाडीला भायेरचा हात लागलेला न्हाय," असं सांगून तिनं त्याला गप्प केलं होतं.

नट सुटला. काळं तेल घमेल्यात पडू लागलं. तेवढ्यात नट तिच्या बोटांतून निसटला आणि घमेल्यात वाजला. त्याच्यामागून आणखी एक आवाज आला, अगदी बारीक.

तो हंबीररावांनी ऐकला. नटाच्या गळ्यातला तांब्याचा वायसर. तो नसला तर नट कितीही आवळा, तेल झिरपत राहतं. भरलेली गाडी शाहूवाडीच्या चढाला लागली की इंजिन कोरडं पडून जाम होणार, आणि घरात कमावणारी वस्तू तेवढीच होती. म्हणून नट सुटला की ते आधी वायसर काढायचे, बनियनला पुसायचे आणि ओठांत धरायचे. तेल निथळेपर्यंत ओठांतच. त्यासाठी बायकोकडं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळं तिच्या ओळीत वायसर नव्हताच.

"घावला बगा नट!" ती म्हणाली.

हंबीररावांनी डावा हात उचलला. उजवा उचलत नव्हता. तोंडातून आता एकच शब्द निघायचा. पाणी हवं असलं तरी तोच, नको असलं तरी तोच.

"हाय," ते म्हणाले.

"हाय न्हवं? मग लावतो तर."

ती पुन्हा आत गेली. पाना करकरला. ते कॉटच्या लोखंडावर हात आपटत राहिले.

नवं तेल ओतून झाल्यावर ती समोर येऊन उभी राहिली. कपाळाला काळं लागलं होतं. "जमलं का न्हाय मला? सांगा की."

त्यांनी घमेल्याकडं बोट केलं.

"उचलतो वो. सांडत न्हाय तुमच्या फरशीवर." तिनं घमेलं भिंतीशी सरकवलं.

मग त्यांनी ओठ जमतील तसे आवळले आणि तिच्याकडं बघत राहिले. ती थबकली.

"गाडीखाली असंच त्वांड करायचा तुमी. काय बी इचारलं तर बोलायचा न्हाय. मला वाटायचं, माझंच कायतरी चुकलं." तिनं पदरानं त्यांचे ओठ पुसले. "आज बी रागावलासा व्हय?"

"हाय."

"असू दे," ती हळूच म्हणाली. "फुडच्या खेपंला नीट करतो."

राजवर्धन चहा पिऊनच आला. "काकी, मेकॅनिक झालीस की गं! दारावर बोर्ड लावूया काय?"

"काकाला इचार. पास केलंय त्येंनी."

तो हंबीररावांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याच्या शर्टाची बाही पकडली ती सोडेनात. त्यानं त्यांचं एकेक बोट अलगद सोडवलं. "येतो की काका सांजंला. आन् काकी, फोन लावत बसू नकोस. चालत्या गाडीत मी उचलत न्हाय. काकाचाच नियम हाय."

गाडी गेली. गाडी उभी होती तिथं फरशीवर मधाच्या रंगाचा एक ठिपका होता. फाटकाशी दुसरा होता. कॉटवरून दोन्ही दिसत होते.

अंबूबाईंनी जुनं तेल डब्यात ओतायला घेतलं. बिजागऱ्यांना उपयोगी पडतं म्हणून ते टाकायचं नाही, हाही हंबीररावांचाच नियम. घमेलं तिरकं झालं तसं तळाशी काहीतरी वाजलं. तिनं बोटं घालून ते काढलं, चिंधीनं पुसलं. तांबं चमकलं.

"ह्ये कशातलं वो?" तिनं ते त्यांच्या तोंडासमोर धरलं.

हंबीररावांनी ओठ पुढं केले, घास घ्यावा तसे. वायसर तिच्या बोटांतून ओठांत घेतला आणि मिटले.

ती ते तोंड बघत राहिली. बघता बघता तिचा हात कमरेच्या फोनकडं गेला.

पलीकडं रिंग जात होती. एकदा संपली, तिनं पुन्हा लावली. ती कॉटच्या कडेवर बसली होती, आणि हंबीरराव ओठ मिटून तिच्याबरोबर ऐकत होते.