सलोनीचं साक्षगंध

पोरगी साक्षगंधाच्या पाटावर बसवून जो माणूस दोन तास फोनवर बोलत फिरते, त्याले काय म्हणाव? माह्या नातीचा, सलोनीचा होणारा सासरा, उमरखेडकडचा सुधाकरराव, अपक्ष खासदार झालता. दिल्लीत बहुमत कोणाचंच नाही, म्हणून दोन्हीकडचे पुढारी त्याले फोन करून राह्यलते. हा मांडवात एकाले सांगे, "मी तुमच्याच सोबत," अन् ओसरीत जाऊन दुसऱ्यालेबी तेच सांगे.

शेवटी मिशीवर हात फिरवत आला. "जमलं, काकू! अल्पमताचं सरकार बसते, त्याले आपला बाहेरून पाठिंबा."

"म्हणजे काय जी?" म्या विचारलं. मी दुसरी शिकेल बाई.

"आत जायचं नाही, कशाची जबाबदारी घ्यायची नाही, अन् नाही पटलं तर कवाबी हात काढून घ्यायचा," तो हसला. मंग आपल्या बायकोले म्हणे, "भर वं आता पोरीची ओटी."

म्या तिच्या हातातला नारळ घेतला अन् त्याच्या हातात ठेवला.



"खासदारसाहेब, तुमच्या पोराले आमचाबी बाहेरूनच पाठिंबा. सलोनी काही तुमच्या घरात येत नाही."