'राखेचा डबा', पहिला नंबर

'राखेचा डबा' सलग तिसऱ्या वर्षी पहिला आला होता. ऋषभने मोबाइल चिकूच्या ढिगावर टाकला आणि त्या अल्बमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"आता काय झालं?" त्याच्या वडिलांनी, सदूभाऊंनी, पेटीतून मान वर न करता विचारलं.

"आजवरच्या मराठी ऑल्टरनेटिव्ह अल्बमची २०१७ ची यादी लागली, पप्पा. त्या रडक्या गिटारीला पहिला नंबर. आणि 'खाजण' दहावा."

"तुझं काय जातं त्यात? पेटी भर."

ऋषभ पेटी भरू लागला. कॉलेज संपल्यापासून पाच वर्षं तो कैनाडच्या या वाडीत हेच करत होता. शेडचे पत्रे तापले की त्याचा जीव गुदमरायचा. ही यादी काढणाऱ्या मुंबईच्या संगीत मासिकाला दरवर्षी खरमरीत ईमेल धाडायचा, तेवढीच काय ती त्याची मोकळी हवा.

या खेपेला मात्र उत्तर आलं. संपादक मयुरा यांनी लिहिलं होतं, 'आम्हाला एक समीक्षक हवा आहे. आमच्या यादीतले दहा अल्बम तुमच्या क्रमाने लावून पाठवा. निवड त्यावरूनच होईल.'

"दसऱ्यापर्यंत थांबतो," सदूभाऊ म्हणाले. "नोकरी लागली तर खुशाल जा. नाही लागली तर वाडी तुझी, मुलगी मी बघतो, आणि हा विषय परत काढायचा नाय."

ऋषभ तीन दिवस त्या यादीशी झटला. हात पेटीला सरावलेले, डोकंही तसंच चाललं. आधी तळाला बारकं फळ, मग थरावर थर, नजरेत भरणारं सगळ्यात शेवटी. 'राखेचा डबा' गेला तळाला. वरच्या थराला बसला 'खाजण'. नंबर लावण्याचीच त्याला चीड होती, म्हणून आकडे न घालता त्याने दहा नावं पाठवून दिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्येच फोन आला.

"अभिनंदन, ऋषभ," मयुरा म्हणाल्या. "बारा जणांनी याद्या पाठवल्या. अकरा जणांनी आमचा पहिला नंबर खाली ढकलला. तुम्ही मात्र इतकी वर्षं भांडून शेवटी 'राखेचा डबा'च पहिला लिहिलात. 'खाजण'सुद्धा दहावा. चूक कबूल करणारा समीक्षक मिळत नाही हो. सोमवारी रुजू व्हा."

यादी आपण पेटीसारखी तळापासून भरली, हे ऋषभला आत्ता उमगलं. समोर सदूभाऊ हातातली पेटी तशीच धरून त्याच्याकडे बघत होते.

"पहिला लेख तुमचाच. 'राखेचा डबा' श्रेष्ठ का, यावर," मयुरा म्हणाल्या. "क्रम हाच ना तुमचा? काही चुकलं नाही ना?"

"अजिबात नाही," ऋषभ म्हणाला. "किती शब्दांचा लिहू?"