विमानाला हाक

"वारा सांगा," रेडिओवर वरून कॅप्टनचा आवाज आला.

"अजी, वारा पश्चिमेचा हाय," भूमेश्वरीनं खालच्या शेडमधून उत्तर दिलं.

तिथंच बसलेल्या कुंजीलालनं कपाळावर हात मारला. फ्लाइंग क्लबांसाठी दोन जणांचं हलकं शिकाऊ विमान बनवण्यात त्याची दहा वर्षं आणि कुडवा गावातला प्लॉट गेला होता. क्लबांनी धाडलेले कॅप्टन आज ते उडवून बघत होते. पसंत पडलं तर बारा विमानांची मागणी. नाही पडलं तर शेडला कुलूप.

विमानाचं नाव उमेंद्र. ते कुंजीलालच्या धाकट्या भावाचं. पहिला सांगाडा दोघांनी मिळून जोडला होता. मग पंखावरून वाद झाला, कुंजीलाल नको ते बोलला आणि उमेंद्र घर सोडून गेला. त्याला नऊ वर्षं झाली. शोधून शोधून घरचे थकले.

भूमेश्वरी चार महिन्यांपूर्वी लांजीकडून रेडिओच्या कामाला आली. कामात चोख, पण भारी हट्टी. खुर्ची असून कुंजीलालसमोर उभीच राहायची. वाऱ्याची चिठ्ठी त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवायची. आणि विमानाला नावानं हाक? छे! नुसतं 'अजी'.

"हे 'अजी' काय आहे?" कॅप्टन वैतागले. "चार विमानं वर असली तर शिकणाऱ्यानं काय समजायचं? नाव घ्या."

कुंजीलालनं माईक ओढला. "साहेब, मी बोलतो."

"तुम्ही नाही. रोज ज्या बोलतात त्यांनीच. नाहीतर मी नापास लिहितो."

"घे ना बाई नाव! काऊन अडून राहिली?"

"तुम्ही बाहेर जा. मंग घेतो," भूमेश्वरी म्हणाली.

"माझ्यासमोर घ्याले काय होते?"

वर विमानानं आणखी एक फेरी घातली. कुंजीलालला रडू आवरेना.

"माझ्या भावाचं नाव हाय वो ते. तो गेला तवापासून आमच्या घरी कोणी घेत नाही. मलेच ऐकाचं हाय. घे."

भूमेश्वरीनं माईक घेतला.

"उमेंद्र, वारा पश्चिमेचा. उतरा."

विमान वळलं. तिनं माईक टेबलावर ठेवला, डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि पाठमोरी झाली.

"भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, नवऱ्याचं नाव घ्याले लावलं तुम्ही. आता एक हाक तुम्ही मारा. फाटकाबाहेर उभे हायत."