दोन्ही अंगठे

"दोरा ओवून चार टाके घालून दाखवा आधी. आंधळा व्यवहार मी करत नाही," शिलाई मशीन घ्यायला आलेल्या बू कास्मी म्हणाल्या आणि ओसरीवर ऐसपैस बसल्या.

वार्तिनीने दोऱ्याचं टोक जिभेला लावलं, पण हल्ली सुईचं भोक तिला दिसतच नसे. तिने पोराला हाक मारली. एकोणीस वर्षांचा दानांग फोन काखेत मारून आला. तीनदा ओवायला गेला आणि तिन्ही वेळा दोरा सुईला वळसा घालून गेला.

"अरे, तू जकार्ताच्या संघात गेम खेळायला निघालायस ना?" बू कास्मी म्हणाल्या. "गेमनं म्हणे बोटं चपळ होतात, नजर तेज होते. कुठंय रे ती?"

"त्याला वेगळी बोटं लागतात," दानांग पुटपुटला आणि तडक आत निघून गेला.

वार्तिनीचा नवरा गियान्तो मोटरसायकलवर भाडी मारायचा. मशीन गाडीत चढवायला म्हणून आज धंदा बुडवून घरी थांबला होता. त्याचं हिरवं जॅकेट सकाळपासून खुंटीवरच होतं. एवढ्यात जॅकेटच्या खिशातला त्याचा फोन वाजला.

"अहो, गिऱ्हाईक बोलावतंय वाटतं."

"वाजू दे. आज नाही जायचं." गियान्तोने दोरा हातात घेतला, वाकला आणि एका दमात ओवला.

बू कास्मींनी टाके पाहिले, पैसे मोजून दिले. गियान्तो आणि गाडीवाला मशीन उचलू लागले तेव्हा वार्तिनी मोरीकडे पाहत राहिली. क्लातेनमधल्या निम्म्या शाळांचे गणवेश तिने त्या मशीनवर शिवले होते. नवऱ्याच्या भाड्यांचं काही खरं नसायचं, चूल पेटायची ती मशीनवर.

विकायला तिचा जीव मुळीच राजी नव्हता. पोरगं दिवसभर फोनमध्ये डोकं खुपसून लोळायचं. भात बघ म्हटलं तर करपल्याचा वास गल्लीभर गेला तरी उठायचं नाही. शाळा संपल्यापासून घरातली काडी इकडची तिकडे केली असेल तर शपथ. आणि अशा पोराने एक दिवस जाहीर केलं की गेममध्ये तो सोन्याच्या मुकुटापर्यंत पोचलाय, जकार्ताचा एक संघ त्याला घ्यायला तयार आहे, फक्त तिथे राहायला आणि नवा फोन घ्यायला पैसे हवेत.

तिने हे नवऱ्याला सांगितलं ते हसण्यावारी न्यायलाच. रोजच्यासारखी ती त्याच्या अंगठ्यांना मलम चोळत होती. हँडल धरून धरून दोन्ही अंगठे ठणकतात, म्हणायचा. पेट्रोल मात्र हल्ली कमी लागायचं. आता गाडी सांभाळून चालवतो, म्हणायचा.

गियान्तो हसला नाही. उठून बसला.

"मुकुट? नक्की मुकुटच म्हणाला?"

"हो. का?"

"अगं, खायचं काम नाही ते. हरत असताना डोकं थंड ठेवावं लागतं. आपला गडी वाचवायचा तर स्वतः मरावं लागतं. ज्याच्या अंगी चिकाटी आहे तोच तिथवर जातो."

"तुम्हाला हो एवढं कुठलं ज्ञान?"

"मागे बसलेली पोरं बडबडत असतात." मग म्हणाला, "आपण पोराला ओळखलंच नाही गं. मशीन विकून टाक." त्याचे डोळे भरून आले होते. दर शनिवारी तो पोराच्या हातावर खर्चाला काहीतरी ठेवायचाच, त्या शनिवारी दुप्पट ठेवलं.

नवऱ्याचे ते डोळे बघून वार्तिनीने मशीन विकायला काढलं होतं.

आता गाडी गेली. घामाघूम झालेला गियान्तो अंघोळीला गेला. मशीनच्या चार पायांचे ठसे फरशीवर राहिले होते, ते वार्तिनी ओल्या फडक्याने पुसू लागली. दानांग बाहेर आला तो पांढराफटक होऊन.

"इबू," तो आईला म्हणाला, "जकार्ताच्या संघाला आज पाच वाजता माझा खेळ बघायचाय. तो बघूनच संघात घेणार."

"मग दाखव की खेळून."

दानांग खाली बसला. "मुकुट मी नाही मिळवला. मी पार खाली अडकलो होतो. जोकी लावला होता."

जोकी म्हणजे काय ते वार्तिनीला ठाऊक होतं. शेजारणीच्या लेकीचा अख्खा प्रबंध जोकीने पैसे घेऊन लिहिला होता. तो आपल्या नावाने कष्ट करतो, मिरवतो आपण.

"पैसे कुठून आणलेस?"

"बाबा शनिवारी देतात ते."

"आजच्या खेळाचं कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"आणि मशीन जाऊ दिलंस?"

तिला वाटलं एक ठेवून द्यावी, पण तिने हातातलं फडकंच घट्ट पिळलं.

"कोण आहे हा जोकी?"

"नाव-गाव सांगत नाहीत ते लोक. पण फार इमानी आहे. सकाळी ऑफिसला गेल्यासारखा बसतो, संध्याकाळी उठतो. शुक्रवारी नमाजापुरता थांबतो, बस. एक दिवस दांडी नाही. आजच कुठं मेलाय कुणास ठाऊक. दुपारी निरोप धाडला, अजून उत्तर नाही."

न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. वार्तिनीने पुसलेल्या फरशीकडे पाहिलं. मशीन आता परत येणार नव्हतं.

"पुन्हा विचार त्याला," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

दानांगने मान खाली घालून घाईघाईने लिहिलं, "दादा, आजचा एकच डाव खेळा, पाया पडतो," आणि पाठवलं.

खुंटीवरच्या हिरव्या जॅकेटात फोन वाजला.

वार्तिनीचा हात फडक्यावरच थांबला. दानांगने मान वर न करता पुन्हा पाठवलं, आणि जॅकेट पुन्हा वाजलं.