करवंटीतले ठिपके

“रंग शंखाला नसतो ग, आतल्या जिवाला असतो. जीव गेला की नुसता पांढराफटक.”

लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं, एलादिओनं, सांगितलेलं हे येसेनियाला कमरेइतक्या पाण्यात पुन्हा ऐकू आलं. नीट उजाडलंही नव्हतं. पंख्यासारख्या पसरलेल्या जांभळ्या प्रवाळावर चिकटलेला नारिंगी ठिपक्यांचा शंख तिनं अलगद सोडवला, पाणी भरलेल्या करवंटीत घातला आणि घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

ही एलादिओची रीत. समुद्रावरून परतला की आधी आईसाठी करवंटी. तिनं डोळे भरून बघितला की शंख परत पाण्यात. वादळानंतर त्याची होडी रिकामी वाहत आली, तेव्हा त्याची आई, म्हातारी क्रिसान्ता, भिंतीकडे तोंड करून निजली. अन्न सोडलं. येसेनियाला दुसरं काही सुचलं नाही.

“येऊन गेला,” सासू करवंटीत बघत म्हणाली. “जाताना भांडला ना माझ्याशी. रुसलाय, म्हणून आत येत नाही.”

“येईल, आई. जेवा आता.”

“एकटी नाही जेवायची मी. तू बस आधी.” कुस्करलेल्या केळ्यांचा घास घेऊन म्हातारीनं तोंड वाकडं केलं. “समुद्राकाठी राहून मीठ विसरते. कुठून शोधली त्यानं ही बायको.”

रोजची पहाट अशीच जाऊ लागली. मग येसेनिया तापानं फणफणली. एका पहाटे उठायला गेली ती कोसळलीच. आज करवंटी रिकामी. आज म्हातारी पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि या वेळी कायमची.

उन्हं आली तशी ती सरपटत दाराशी पोचली.

करवंटीत पाणी होतं. पाण्यात शंख होता. अंगभर नारिंगी ठिपके, जिवंत.

“एलादिओ!” वाळूत पडत-उठत ती पाण्यात शिरली. “एलादिओ, बाहेर ये. पुरे झाला रुसवा. किती अंत बघशील रे माझा?”

मागून कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला. ती गर्रकन वळली.

क्रिसान्ता होती. केसांतून पाणी गळत होतं, प्रवाळानं गुडघे सोलवटले होते.

“हाका मारू नकोस, पोरी,” ती म्हणाली. “बुडाला तो. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मला जेवू घालायच्या निमित्तानं तू दोन घास खात होतीस, म्हणून त्याला रुसलेला ठेवला मी.”