सातव्या विषयाची नोंद

“तेवढं एक वाक्य बदल,” दादा म्हणाला आणि त्याने दार आतून लावून घेतलं.

बहीण टेबलामागे बसली होती. सभेचं इतिवृत्त तिने दोन्ही हातांत धरलं होतं, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं. धरवतही नव्हतं, सोडवतही नव्हतं.

“सही झालीये त्यावर, दादा. अकराला सुनावणी आहे.”

“म्हणून तर साडेदहाला आलोय.”

लहानपणी अंधाराला भ्यायली की ती याच माणसाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची. आज जिन्यात त्याचीच पावलं वाजली आणि तिचे हात गार पडले.

गोष्ट एवढीशी होती. दादा नगरसेवक, आणि सभेचं इतिवृत्त लिहायचं काम बहिणीचं. मागच्या सभेत सातवा विषय नव्या रस्त्याचा होता आणि रस्ता जाणार होता दादाच्या जागेला लागून. नियम सरळ आहे. ज्याचा स्वार्थ गुंतलाय त्याने तसं सांगावं आणि मतदान होईपर्यंत बाहेर जाऊन उभं राहावं. त्या दिवशी हात वर झाले, कुणी मोजले नाहीत, ठराव मंजूर झाला. मग रस्त्यात जिचं दुकान जाणार होतं त्या शिंपिणीने तक्रार केली. दादा तेव्हा आत होता की बाहेर? बाकीचे सदस्य म्हणाले, आमचं डोकं कागदात होतं, आम्ही नाही पाहिलं. उरलं फक्त इतिवृत्त.

“एक अक्षरही बदलणार नाही मी,” बहीण म्हणाली.

“हट्टी आहेस.”

“बहीण कुणाची?”

एरवी तो हसला असता. आज खिडकीशी गेला. खाली फाटकाजवळ शिंपीण उभी होती, मापाची टेप गळ्यात तशीच.

“रोज माझ्या दारात येऊन बसते,” तो म्हणाला. “बोलत काही नाही, नुसती बघते. डोळ्याला डोळा नाही माझ्या. आज मला हे संपवायचंय.”

“म्हणजे काय करणार आहेस?”

“ते तुझ्या कागदावर आहे.”

टेबलावरचा फोन थरथरला. वहिनीचा निरोप होता. ‘शेवटी रक्ताचं नातं आहे. आमचं घर तुझ्या हातात आहे.’ बहिणीने फोन पालथा घातला.

“माझी नोकरी जाईल रे,” ती म्हणाली. “वर तुरुंग. पदरात दोन लेकरं आहेत.”

“माझं ऐकलंस तर काही होणार नाही. मी सांभाळून घेईन.”

“असं म्हणणारे सगळे वेळेला पाठ फिरवतात.”

“मी सगळ्यांतला आहे का गं?”

बाहेरून शिपायाने दार ठोठावलं. “ताई, बोलावलंय आत.”

तिने कागद छातीशी धरला आणि दादाच्या बाजूने, त्याला न शिवता, बाहेर पडली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. शेवटच्या बाकावर शिंपीण. दादा समोरच्या खुर्चीत बसला आणि बहिणीकडे बघून त्याने हळूच मान हलवली. नको, असं.

“सातव्या विषयाची नोंद वाचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने वाचलं.

“‘संबंधित सदस्यांनी आपला हितसंबंध सांगितला आणि मतदान संपेपर्यंत ते सभागृहाबाहेर होते.’”

शिंपिणीची मान खाली गेली. अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. “मग तक्रारीत काही उरत नाही.”

दादा उभा राहिला.

“खोटं आहे ते, बाई. मी खुर्चीतच होतो. पहिला हात माझाच वर झाला.”

अध्यक्षबाई बहिणीकडे वळल्या. “मग हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?”

कुणाच्याच नाही, एवढंच सांगायचं होतं तिला. पण दादाने तिला बोलू दिलं नाही.

“माझ्या,” दादा म्हणाला. “भित्री आहे ती. धमकावलं मी.”